डेम हॅरिएट चिक : वाकड्या पायांच्या मुलांसाठी ऊन आणि तेल मोजणाऱ्या संशोधिका



विज्ञानाच्या पुस्तकातला जीवनसत्त्वांचा तक्ता तुम्हाला आठवत असेलच. अ – रातांधळेपणा, ब – बेरीबेरी, क – स्कर्व्ही, ड – मुडदूस. मुलं तो पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात, एक-दोन गुण मिळवतात आणि विषय संपतो. पण या तक्त्यातली शेवटची ओळ लिहिली जाण्यासाठी कोणीतरी लहान बाळांच्या पाळण्याशेजारी दोन-तीन वर्षं उभं राहिलं होतं. त्यात एक नाव फार महत्त्वाचं आहे : डॉ. हॅरिएट चिक. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव सहसा भेटत नाही. म्हणून आजचा लेख त्यांच्यावर.

लेख मुलांना वाचून दाखवता येईल अशा बेताने लिहिला आहे. शेवटचा भाग मात्र खास तुमच्यासाठी आहे, कारण ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत आज घराघरांत बराच गोंधळ दिसतो.

बालपण आणि शिक्षण

हॅरिएट यांचा जन्म ६ जानेवारी १८७५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील सॅम्युअल चिक हे लेसचे, म्हणजे नाजूक जाळीच्या कापडाचे व्यापारी. घर भावंडांनी भरलेलं, आईवडील मेथडिस्ट पंथाचे आणि शिस्तीचे कडक. रोजची प्रार्थना चुकवायची नाही, उगाच मौजमजेत वेळ घालवायचा नाही, असा घरचा रिवाज. पण याच कडक घरातली एक गोष्ट त्या काळाच्या फार पुढची होती. या घराने मुलींना शिकू दिलं, आणि तेही थेट विद्यापीठापर्यंत. हॅरिएट यांची एक बहीण एडिथ वनस्पतिशास्त्राची अभ्यासक झाली, दुसरी बहीण फ्रान्सिस संख्याशास्त्राकडे वळली. विचार करा, आपल्याकडे सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली १८४८ साली. त्यानंतर अर्ध्या शतकानेसुद्धा इंग्लंडसारख्या देशात प्रयोगशाळेत काम करणारी बाई ही नवलाची गोष्ट होती.

हॅरिएट लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकल्या. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या व्हिएन्ना आणि म्युनिक या शहरांत आरोग्यशास्त्र शिकायला गेल्या. तिथे जर्मन भाषेची चांगली ओळख झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, वीस वर्षांनी ती फार कामाला येणार आहे. १९०४ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली. अभ्यासाचा विषय होता दूषित पाण्यात वाढणारं हिरवं शेवाळ.

दार उघडताना

१९०५ साली हॅरिएट यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या एका संशोधनवृत्तीसाठी अर्ज केला. ही वृत्ती त्याआधी कुठल्याही स्त्रीला मिळालेली नव्हती. अर्ज आल्याचं कळताच संस्थेतल्या दोन सहकाऱ्यांनी संचालकांकडे जाऊन विनवणी केली, की एका बाईला नेमण्याचा वेडेपणा करू नका. संचालक होते चार्ल्स मार्टिन. त्यांनी अर्ज पाहिला, काम पाहिलं आणि हॅरिएट यांची नेमणूक झाली. पुढची चाळीस वर्षं त्या या संस्थेत राहिल्या.

सुरुवातीचं काम जंतुनाशकांवरचं. जंतुनाशक औषध घातल्यावर जंतू एकदम मरत नाहीत. ते एका ठरावीक गतीने मरत जातात आणि ही गती मोजता येते, हे त्यांनी १९०८ साली दाखवलं. पाणी शुद्धीकरणाच्या अभ्यासक्रमात आजही चिक यांचा नियम शिकवतात. आपल्या गावच्या पाणी योजनेत क्लोरीन किती वेळ पाण्यात राहू द्यायचं, हा हिशेब त्याच विचारावर उभा आहे.

आपल्या मुंबईशीही त्यांच्या कामाचा एक धागा जुळतो. त्या काळात मुंबईत प्लेगने हाहाकार माजवला होता. परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कसा पसरतो याचा शोध चालू होता आणि लिस्टर इन्स्टिट्यूट त्या कामात सहभागी होती. उंदरांच्या अंगावरच्या पिसवा माणसाला चावतात का, हा कळीचा प्रश्न होता. त्यावर चिक आणि मार्टिन यांनी १९११ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. जगाच्या वेगवेगळ्या भागांत उंदरांवर कोणत्या पिसवा आढळतात आणि त्या माणसाला कितपत चावतात, असा त्याचा विषय होता.

युद्ध, डाळी आणि मोड

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि चिकबाईंचं काम जंतूंकडून अन्नाकडे वळलं. आजच्या इराकमध्ये तेव्हा ब्रिटिश फौजा लढत होत्या. कुट या गावी १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत जी फौज वेढ्यात अडकली, तिचं नाव होतं सहावी पुणे डिव्हिजन. त्यात मराठा पलटणींचे जवानही होते. वेढ्यात एक विचित्र गोष्ट दिसली. भारतीय जवानांना स्कर्व्ही झाला, तर पांढऱ्या मैद्याचा पाव खाणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी. अन्न कमी होतं हे खरंच, पण दोघांच्या अन्नात नेमकं जे नव्हतं ते वेगवेगळं होतं.

असे आजार सैन्यात ठिकठिकाणी दिसत होते. चिक आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट ह्यूम यांनी एकेक अन्नपदार्थ घेऊन त्यात बेरीबेरी रोखणारा गुण किती आणि स्कर्व्ही रोखणारा किती हे तपासायला सुरुवात केली. तोपर्यंत जीवनसत्त्व हा शब्द नुकताच रुळत होता. कोंडा आणि अंकुर काढून टाकला की धान्याचा कस जातो, बाटलीतल्या साठवलेल्या लिंबूरसावर विसंबता येत नाही, अशा गोष्टी या कामातून पुढे आल्या. आणखी एक गोष्ट तर आपल्या आज्यांना विचारली असती तरी कळली असती. कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखण्याचा गुण नसल्यातच जमा असतो, पण तीच कडधान्यं भिजवून मोड आणले की तो गुण येतो. ताजी भाजी जिथे पोचत नाही तिथे सैनिकांना मोड आलेली कडधान्यं द्या, असा सल्ला दिला गेला. आपली मटकीची उसळ एका अर्थाने प्रयोगशाळेतून पास झाली म्हणायची!

१९१८ मध्ये अशा पूरक अन्नघटकांच्या अभ्यासासाठी इंग्लंडमध्ये एक समिती नेमली गेली. फ्रेडरिक हॉपकिन्स हे अध्यक्ष आणि हॅरिएट चिक सचिव.

व्हिएन्ना : प्रश्न काय होता?

आता आपण मुख्य भागाकडे येऊ.

युद्ध संपलं, ऑस्ट्रियाचं साम्राज्य मोडलं आणि व्हिएन्ना हे मोठं शहर जणू उपाशी बेटासारखं उरलं. जिथून दूध, लोणी, धान्य यायचं ते प्रदेश आता दुसऱ्या देशांत गेले होते. लहान मुलांमध्ये मुडदूस पसरला होता. मुडदूस म्हणजे काय ते मुलांना चित्र काढून सांगा. हाडं वाढतात, पण त्यांत चुना नीट भरत नाही. मग मूल उभं राहायला लागलं की त्याच्याच वजनाने पाय धनुष्यासारखे वाकतात, मनगटं जाड होतात, छातीच्या फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी येतात. मोठ्या माणसांची हाडंसुद्धा मऊ पडली होती, चालताना वेदना होत होत्या.

या आजाराच्या कारणाबद्दल डॉक्टरांचे तट पडले होते. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की दोष अन्नात आहे आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं की मुडदूस होत नाही. ग्लासगोचे डॉक्टर म्हणत होते, अन्नाचा काही संबंध नाही, कोंदट घरं आणि मोकळ्या हवेचा अभाव हे कारण. बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली क्वार्ट्झ दिव्याच्या अतिनील किरणांनी मुडदूस बरा होतो हे क्ष-किरण चित्रांनी दाखवलं होतं. म्हणजे एक म्हणे तेल, एक म्हणे हवा, एक म्हणे प्रकाश. आणि प्रत्येकाकडे काही ना काही पुरावा होता!

१९१९ मध्ये चिकबाई आणि ऑस्ट्रेलियन डॉक्टर एल्सी डॅलिएल यांना व्हिएन्नाला पाठवण्यात आलं. मार्गारेट ह्यूम, बालरोगतज्ज्ञ हेलन मॅके आणि हॅना हेंडरसन स्मिथ यांचाही या कामात सहभाग होता. बहुतेक सगळी तुकडी स्त्रियांची! कालपर्यंत शत्रू असलेल्या देशात या इंग्रज बायका आल्या, त्याही हातात फक्त डबे, बाटल्या आणि वह्या घेऊन.

तिथल्या विद्यापीठाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख होते प्राध्यापक क्लेमेन्स फॉन पिर्के. मोठा माणूस. ॲलर्जी हा शब्द जगाला दिला तो त्यांनीच. त्यांना वाटत होतं की मुडदूस हा संसर्गाचा प्रकार असावा, आणि आपल्या रुग्णालयातला आहार उत्तम आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. चिकबाईंचं म्हणणं त्यांना पटलं नाही. पण त्यांनी दार बंद केलं नाही. वॉर्ड दिला, परिचारिका दिल्या, क्ष-किरणाची सोय दिली. मतभेद असलेल्या माणसाला प्रयोग करायची जागा देणं ही साधी गोष्ट नाही. वर्गात या ठिकाणी जरा थांबा आणि मुलांना विचारा, तुम्ही दिली असती का?

पाळण्याशेजारची मोजणी

प्रयोगाची रचना अगदी साधी होती, म्हणूनच ती भक्कम ठरली.

बाळांचे दोन गट. एका गटाला त्या रुग्णालयाचा नेहमीचा, चांगला समजला जाणारा आहार. दुसऱ्या गटाला सायीच्या दुधाच्या भुकटीपासून केलेलं दूध आणि सोबत कॉड लिव्हर ऑइल. बाकी सगळं सारखं. तोच वॉर्ड, त्याच परिचारिका, तीच स्वच्छता, तोच खिडकीतून येणारा उजेड. हाडांची ठराविक काळाने क्ष-किरण चित्रं. कोणाच्या मताला जागाच नाही, जे आहे ते काचेवर दिसणार.

हिवाळा आला. नेहमीच्या आहारावरच्या बाळांपैकी कित्येकांच्या हाडांत मुडदूस दिसू लागला. तेल घेणाऱ्या बाळांत एकालाही नाही. ज्यांना आजार झाला त्यांना मग तेल किंवा प्रकाश देऊन बरं केलं गेलं.

इथे थांबून जाहीर करता आलं असतं, की बघा, अन्नच खरं! लंडनहून निघताना चिकबाईंच्या गटाचा कल तिकडेच होता. पण त्या थांबल्या नाहीत. त्यांनी उन्हाळ्यातही मोजणी चालू ठेवली. आणि उन्हाळ्यात दोन्ही गटांत नवा मुडदूस झालाच नाही, मग तेल दिलेलं असो वा नसो. शिवाय आजारी बाळांना उघड्यावर उन्हात ठेवलं तरी ती बरी झाली. क्वार्ट्झ दिव्याखाली ठेवलं तरी बरी झाली. घरात ठेवून तेल दिलं तरीही बरी झाली.

म्हणजे तेलवाले बरोबर होते आणि प्रकाशवालेही बरोबर होते. एकच गरज दोन वाटांनी भागत होती. ज्याला ऊन आहे त्याला तेलावाचून चालतं, आणि ज्याला ऊन नाही त्याला ती गोष्ट अन्नातून किंवा औषधातून द्यावीच लागते. पिर्के यांनीही हा निष्कर्ष मोकळेपणाने मान्य केला. सगळ्या कामाचा सविस्तर अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. जवळपास त्याच काळात आपल्या नाशिक शहरातल्या मुडदुसावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तर वर्षभर ऊन, मग मुडदूस कसा? उत्तर घरांच्या आत होतं. ज्या घरांत बायका पडद्यात असत आणि तान्ही बाळं त्यांच्यासोबत अंधाऱ्या माजघरात वाढत, तिथे हा आजार आढळत होता. मग ते घर खाऊनपिऊन सुखी असलं तरीही. उन्हातान्हात राबणाऱ्या गरीब आईचं बाळ, जेवण बेताचं असूनही, बरेचदा यातून सुटत होतं. ऊन असणं आणि ऊन अंगावर पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शंभर वर्षांपूर्वी नाशिकमध्ये दिसलं होतं.

नाव मिळालं

तेलातली ती गोष्ट नेमकी कोणती? अमेरिकेत एल्मर मॅकोलम यांनी १९२२ मध्ये दाखवलं की ती अ जीवनसत्त्वापेक्षा वेगळी आहे. अ, ब, क झाले होते, म्हणून ही ड. पुढे १९२४ मध्ये हॅरी स्टीनबॉक आणि आल्फ्रेड हेस यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं, की अन्नावर अतिनील किरण पाडले तर त्या अन्नातच मुडदूस रोखण्याचा गुण येतो. व्हिएन्नाचं कोडं त्यामुळे पूर्ण सुटलं. आपल्या कातडीत एक कच्चा माल असतो, उन्हातले अतिनील किरण त्याचं ड जीवनसत्त्व बनवतात. स्टेरॉल या पदार्थांवरच्या आणि त्यांच्या जीवनसत्त्वांशी असलेल्या नात्यावरच्या कामासाठी आडॉल्फ विंडाऊस यांना १९२८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

चिकबाईंना नोबेल मिळालं नाही. त्या लिस्टरमध्ये परतल्या, आहार विभाग सांभाळला, ब गटातल्या जीवनसत्त्वांवर काम केलं. दुसऱ्या महायुद्धात विभाग केंब्रिजला हलला, तेव्हा कोंड्यासकट गव्हाच्या पावाचं पोषणमूल्य तपासलं. १९४९ मध्ये त्यांना डेम हा किताब मिळाला. १९५६ ते १९५९ या काळात त्या ब्रिटनच्या न्यूट्रिशन सोसायटीच्या अध्यक्ष होत्या, म्हणजे ऐंशी पार केल्यावर! आणि शंभरी ओलांडल्यावर, १९७६ मध्ये, त्यांनी व्हिएन्नातल्या त्या कामाच्या आठवणी लेखरूपात प्रसिद्ध केल्या. ९ जुलै १९७७ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, केंब्रिजमध्ये त्यांचं निधन झालं.

आज आपल्या घरात आणि शाळेत

आता तुमच्यासाठीचा भाग. चिकबाईंचा निष्कर्ष आपल्या मुलांना लावून पाहू.

*पहिली वाट, ऊन.* सकाळचं कोवळं ऊन ड जीवनसत्त्व देतं असं आपण सर्रास सांगतो. खरं तर सूर्य खाली असताना कामाचे अतिनील किरण जमिनीपर्यंत फार कमी पोचतात. सोपी खूण आहे : तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की ते ऊन कामाचं. महाराष्ट्रात उन्हाळ्यात साडेनऊ-दहालाच ही वेळ येते, डिसेंबरात मात्र साधारण बारा ते एक. हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ पुरतो. कातडी लाल होईपर्यंत थांबायचं नाही, आणि वैशाखातल्या भर दुपारी तर मुळीच नाही. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. आणखी एक, बंद काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा इथे उपयोग नाही, कारण काच हे किरण अडवते.

आता आपल्या मुलांचा दिवस आठवा. सकाळी सातची रिक्षा, वर्ग, डबा, शिकवणी, मोबाईल. ऊन अंगावर पडतं कधी? पडदा गेला, पण माजघर नव्या रूपात परत आलं असं म्हणायला हरकत नाही.

*दुसरी वाट, अन्न.* भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार एक वर्षावरील मुलांना आणि मोठ्यांना रोज ६०० एकक ड जीवनसत्त्व लागतं, तान्ह्या बाळाला ४००. आता हिशेब करा. एका अंड्याच्या बलकात साधारण ४० एकक. म्हणजे फक्त अंड्यांवर भागवायचं तर रोज पंधरा अंडी! बांगडा, तारली, रावस यांसारख्या तेलकट माशांत त्याहून बरंच जास्त असतं, पण रोज मासे किती घरांत होतात? भाज्या, फळं, डाळी यांत जवळजवळ नाहीच. साध्या दुधातही नगण्य. दुधाच्या किंवा तेलाच्या पिशवीवर निळं ‘+एफ’ हे चिन्ह असेल तर त्यात अ आणि ड ही जीवनसत्त्वं घातलेली असतात. अशा एक लिटर दुधात २०० ते ३०० एकक, म्हणजे एका पेल्यात ४० ते ६०. थोडी मदत होते, सगळं भागत नाही.

नाचणी, तीळ, दूध यांचं काय? ते कॅल्शियमसाठी हवंच, म्हणजे हाडात भरायचा चुना. पण आतड्यातून तो चुना रक्तात नीट शोषला जावा यासाठी ड लागतं. गवंडी नसेल तर विटा अंगणात नुसत्या पडून राहतील, तसं.

*तिसरी वाट, औषध.* ऊन नाही आणि अन्न पुरत नाही, तेव्हा व्हिएन्नातल्या बाळांसारखं बाहेरून द्यावं लागतं. तान्ह्या बाळांना पहिलं वर्षभर रोज ४०० एककांचे थेंब द्यावेत, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे, कारण आईच्या दुधात ड फार कमी असतं. हे थेंब डॉक्टर लिहून देतात आणि महिन्याभरात आपण विसरतो, तसं करू नका. वेगवेगळ्या बाटल्यांत एका मिलीलिटरमध्ये किती एकक हे वेगळं असतं, म्हणून बाटली बदलली की मापही विचारून घ्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात साठ हजार एककांच्या पुड्या आणि गोळ्या मिळतात. साठ हजार भागिले सहाशे किती? शंभर. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची गरज! ही पुडी कमतरता असलेल्या माणसासाठी डॉक्टर ठरावीक आठवडे, आठवड्यातून एकदा देतात. ती रोज घेतली, किंवा शेजारणीला बरं वाटलं म्हणून मुलाला दिली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि शेवटी मूत्रपिंडावर घाला. क जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे जातं, ड मात्र चरबीत साठून राहतं. म्हणून जास्त ते चांगलं हा हिशेब इथे चालत नाही. मोठ्या माणसानेही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रोज ४००० एककांच्या वर जाऊ नये.

मूल चालायला लागल्यावर पाय वाकलेले दिसले, मनगटं जाड वाटली, किंवा मोठ्या मुलाचे पाय सतत दुखत असले, तर आधी डॉक्टरांना दाखवा. दीड-दोन वर्षांपर्यंत थोडे बाकदार पाय स्वाभाविकही असतात, पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम.

वर्गात घेता येतील असे उपक्रम

१. सावली मोजणे : मैदानात एक मीटरची काठी उभी करा. सकाळी शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना सावली मोजून वहीत नोंदवा. कामाचं ऊन किती वाजता सुरू होतं ते मुलांना स्वतः शोधू द्या. हाच प्रयोग डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये करून तुलना करा.

२. पिशवी वाचन : घरातल्या दुधाच्या आणि तेलाच्या पिशवीवरचा मजकूर वाचून आणायला सांगा. ड जीवनसत्त्व किती लिहिलं आहे? रोजच्या ६०० एककांपैकी ते किती टक्के?

३. चर्चा : व्हिएन्नातल्या प्रयोगात उन्हाळ्यातली मोजणी केली नसती, तर निष्कर्ष काय निघाला असता?

४. शाळेसाठी : खेळाचा तास कधी ठेवलाय ते एकदा वेळापत्रकात बघा. सावली आखूड असताना, उन्हाचा तडाखा सांभाळून, आठवड्यातून दोन-तीन तास मैदानावर गेले तर खर्च काहीच नाही.

शेवटी

चिकबाई व्हिएन्नाला गेल्या तेव्हा मोठमोठे डॉक्टर भांडत होते आणि बाळांचे पाय वाकत होते. त्यांनी एक हिवाळा मोजला, मग उन्हाळाही मोजला, आणि उत्तर आपल्या बाजूचं निघतंय का याची फिकीर केली नाही. तक्त्यातली ‘ड – मुडदूस’ ही जोडी पुढच्या वेळी फळ्यावर लिहाल, तेव्हा मुलांना एवढं जरूर सांगा. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर आपल्या स्वतःच्या मुलाने आज किती ऊन घेतलं, पानात काय होतं, आणि थेंबांची बाटली कुठे आहे, हेही एकदा बघा.

उपक्रम वर्गात घेतलात, तर मुलांनी मोजलेल्या सावल्यांच्या नोंदी जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्या उपयोगी पडतील.